चौदा ग्रॅमची चूल

पंचनाम्यात अकरा वस्तू होत्या. एकमाणशी तंबू, झोपायची पिशवी, चटई, डोक्याला लावायचा दिवा, ॲल्युमिनियमचं पातेलं, चमचा, काडेपेटी, चहा-साखरेची पुडी, पाण्याची बाटली, स्पिरिटची बाटली आणि कोल्ड्रिंकचा डबा कापून केलेली चूल.

क्रांतीने त्या सगळ्या वस्तू खंडाळ्यात, जोतीराम काकांच्या अंगणात ओळीने मांडल्या. जानेवारीत जावळीच्या पठारावर याच तंबूत काकांचा मुलगा प्रथमेश मेला होता. बाहेर वारा होता म्हणून पहाटे त्याने चेन लावून आत चूल पेटवली. शवविच्छेदनात कार्बन मोनॉक्साइड निघाला.

चूल वीरधवलने बनवली होती. आष्ट्याचा वीरधवल प्रथमेशचा मित्र. भरतीचं मैदान आणि मेडिकल तो पास झाला होता. पोलीस पडताळणी राहिली होती. उद्या सकाळी काका पोलिसांत जबाब देणार होते. वीरधवलचं नाव त्यात आलं, तर त्याची भरती तिथेच संपली असती.

"आदी मोजून बगू," काकांनीच क्रांतीला फोनवर सांगितलं होतं. "तू शिकलेली हायस. तुमच्या ट्रेकच्या ग्रुपची मोठी हायस."

क्रांतीने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. वायू मोजायचं यंत्र आणि तसलंच लिटरभर स्पिरिट तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलं होतं.

काकांनी चुलीचा डबा दोन बोटांत धरून समोरच्या वीरधवलला विचारलं, "भातुकली मांडली व्हय रं ही?"

"चौदा ग्रॅम वजन हाय, काका," वीरधवल खाली बघत म्हणाला. "ग्यासचा शेगडी-डबा पावणेचारशे भरतो. प्रथमेशलाच पायजे हुती. त्यो तर दात घासायच्या ब्रशचा दांडाबी कापून न्यायचा."

"माज्या पोराचं वजन एकसष्ट किलो व्हतं," काका म्हणाले.

घराच्या दारात प्रथमेशची आई अंजना उभी होती. ती आत गेली.

क्रांतीने पातेलं उचललं. तळ राखेने घासून लख्ख केला होता.

"हे कुणी घासलं?"

"म्या. पोलिसांनी दिलं त्याच दिवशी."

"तळ कसा होता, काका? काळा, चिकट? स्पिरिटनं तसा होत नाही."

"चुलीवरचं भांडं काळंच आसतंय," काका म्हणाले. "तू लाव."

बाटली अडीचशे मिलीची होती. वीरधवलने ती काठोकाठ भरून दिली होती. आता एकशे सत्तर उरलं होतं. म्हणजे ऐंशी मिली जळलं. त्यातलं रात्रीच्या जेवणाला तंबूबाहेर किती गेलं, ते कुणालाच सांगता येईना. क्रांतीने वाईटात वाईट धरलं. सगळं ऐंशी आतच जाळायचं, वीस-वीस मिली करून.

तिने यंत्र तंबूच्या प्लास्टिकच्या खिडकीला आतून लटकवलं, म्हणजे आकडा बाहेरून दिसेल. चूल पेटवली, पातेल्यात पाणी ठेवलं, बाहेर येऊन चेन ओढली.

"किती आकड्याला माणूस जातंय?" काकांनी विचारलं.

"आठशेवर चक्कर येते, भान जायला लागतं. सोळाशेवर तासाभरात माणूस जातो."

"आमी तर फौजेत, वर बर्फात सा-सा जन एका बंकरमधी..." काका थांबले. "काय न्हाई. तू बग."

पहिल्या वीस मिलीला आकडा ३८ वर गेला. दुसऱ्याला ७१. प्रत्येक वेळी क्रांती श्वास रोखून हात आत घालायची, स्पिरिट ओतायची आणि चेन ओढायची. वीरधवल उकिडवा बसून खिडकीकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते. तो आकडे मोजत होता की देवाचं नाव घेत होता, ते कळत नव्हतं.

ऐंशी मिली संपलं तेव्हा यंत्रावर १४० होते.

"परत कर," काका म्हणाले.

तिने तंबू उघडून हवा खेळू दिली आणि परत केलं. १३६. तिसऱ्यांदा केलं. १४४.

"हे चांगलं नाही," क्रांती म्हणाली. "तंबूत पेटवायचीच नाही चूल. डोकं दुखलं असतं त्याचं. पण काका, याच्यानं तो गेला नाही."

वीरधवलने दोन्ही तळहातांत तोंड लपवलं. त्याचे खांदे हलायला लागले.

काका उठले. क्रांतीला वाटलं, ते आता ओरडतील, यंत्र खोटं म्हणतील. ते घरात गेले. आत ट्रंकेचं झाकण वाजलं.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फौजेतल्या, चुलीत जाळायच्या इंधनाच्या गोळ्यांची दोन पाकिटं होती. एक सीलबंद, आठ गोळ्यांचं. दुसरं फाडलेलं. त्यात दोन गोळ्या उरल्या होत्या.

"हे कुठलं, काका?"

"गावकऱ्यांसंगं पयला मीच पोचलो वर. पोलीस यायच्या आदी." फाडलेलं पाकीट त्यांनी वीरधवलच्या पुढ्यात ठेवलं. "त्याच्या उशाला हुतं. निगताना मीच दिलेलं. म्हनलं, थंडी लय आसती, स्पिरिटच्या नादी लागू नगंस. चेन लाव आन् दोन-दोन जाळ."

वीरधवलने मान वर केली. काका त्याच्याकडे बघत नव्हते.

"सा जळल्यात," ते म्हणाले. "सा लाव, पोरी."

क्रांतीने नव्या पाकिटातल्या सहा गोळ्या काढल्या. दोन-दोन करून त्याच डब्यावर जाळल्या. चेन ओढली. वेळ लिहिली.

एकतिसाव्या मिनिटाला यंत्रावर १,७४० होते.