पानफुटीचं शेवटचं पान

शेवटचं पानही देठाकडून काळं पडलं होतं. नेत्रावतीनं बोट लावलं, तसा त्याचा वाळूतच लगदा झाला.

पानफुटी सौम्याची. कलबुर्गीच्या हॉस्टेलवरून तिनं वहीत दाबून एक पान आणलं होतं, पेंटच्या डब्यात लावलं होतं. दिवाळीच्या तोंडावर ती तापानं गेली. चार दिवसांत. एकुलती एक पोर. हळ्ळीखेडच्या त्या घरात तिच्या हातचं एवढं झाडच वाढत राहिलं.

आषाढात तेही बुडातून कुजलं. बिदरचा नर्सरीवाला म्हणाला, "अक्का, हे पाण्यानं मरायलंय. आठवड्याला एकदाच घाला. पानं तोडून वाळूवर ठेवा, कडंला पिलं फुटतील."

तिनं नऊ पानं ठेवली, सौम्याच्या खोलीत, खिडकीशी. दर सोमवारी वाटीभर पाणी, थेंब जास्त नाही. दोन पानांना दोऱ्यासारखी मुळं फुटली, त्या दिवशी ती पदर तोंडाशी धरून रडली. मग तीही कुजली. वाळू ओलीच राहायची. पावसाळी हवा, बंद खोली, असं ती स्वतःला सांगायची. आपल्या हाताला यशच नाही. लेक जगवता आली नाही, पान काय जगणार?

नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. लेकीला माती दिल्यापासून मल्लिकार्जुननं तिचं नाव घेतलं नव्हतं. पुढ्यात येईल ते गिळायचा, दुकानाला जायचा.

ते कुजकं पान तसंच टाकून नेत्रावती दळण घेऊन गिरणीवर गेली. करंट नव्हता. तशीच परतली. सौम्याच्या खोलीचं दार उघडं होतं. मल्लिकार्जुन खिडकीपाशी उभा होता, तांब्यानं वाळूवर पाणी घालत.

"तुम्ही रोज घालायलाव?"

"व्हय."

"मारलाव ओ! तुम्हीच मारलाव! आता काय बी न्हाई ऱ्हायलं."

त्यानं वाकून पान बघितलं. तांब्या खाली ठेवला.

"मला काय ठाव? तिच्याशी बोलायला येतो. रिकाम्या हातानं कसं यावं?"

नेत्रावती उंबऱ्यातच बसली. तिनं विचारलं, "काय बोलता?"

"दुसरं काय? फोनवर रोज तुझंच इचारायची, अव्वा जेवली का म्हणून." तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "जेवली, म्हणून सांगतो. खोटंच."