आधी पाणी, मग काम

पाहुणे ठरल्या वेळेच्या थोडे आधीच आले आणि प्रेमिलाच्या हातून पोह्यांची कढई पडता पडता राहिली.

दोघेच होते. पिकल्या मिशांचे, सफारीतले एक गृहस्थ आणि त्यांच्या मागे एक तरुण. "मी मारोतराव, कळमेश्वरहून आलो. हा गोविंदा. आमी..." गृहस्थांनी सुरुवात केली, पण प्रेमिलाच्या वडिलांनी, लहानूजींनी, त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. आल्या माणसाला दारातच काम विचारणं हा त्यांच्या लेखी गावंढळपणा. आधी पाणी, मग पोहे, मग काम. महाल वस्तीतल्या त्या घराचा हा शिरस्ता होता आणि लहानूजींना त्याचा फार अभिमान होता.

"बाया नाही आल्या वं," आई बायजाबाई आत येऊन पुटपुटल्या. मध्यस्थ रामाजींचाही पत्ता नव्हता. पण मुलगा कळमेश्वरच्या एका कारखान्यात आहे एवढं रामाजींनी सांगून ठेवलं होतं, आणि बाहेर बसलेला तरुण दिसायला नीटनेटका होता. बायजाबाईंचं तेवढ्यावर भागलं.

प्रेमिलाचं भागणार नव्हतं. लग्न जमलं की कॉम्प्युटरचा क्लास बंद, असं आईनं बजावलं होतं. सत्त्याऐंशी सालच्या त्या गल्लीत कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलेली ती एकटीच. तिचा पहिला प्रोग्राम सरांनी 'ही तर खिचडी आहे' म्हणून परत केला होता. आता तेच सर तिचं काम नव्या मुलांना वाचून दाखवत. दोन-चार ठिकाणी नोकरीसाठी त्यांनी तिचं नावही कळवलं होतं, पण कुठून उत्तर आलं नव्हतं. एवढं सगळं सोडून कुणाच्या घरी पोळ्या लाटायला जायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

तोड काढली ती मैत्रिणीनं, चारुशीलानं. पोरगा समोर बसला की कॉम्प्युटरशिवाय काही बोलायचंच नाही. पहिल्या फंक्शनलाच पळून जाईल, असं तिचं म्हणणं.

प्रेमिला पोहे घेऊन बाहेर आली. पाया पडायला वाकली, तर मारोतरावांनी पाय मागे घेतले. उंची विचारली नाही, रास विचारली नाही. एकदम म्हणाले, "कॉम्प्युटर शिकून राहिली म्हणे तू. काय केलं आतापावतर?"

आयतंच फावलं. तिनं पदर सावरला आणि संत्र्याच्या बाजाराचा आपला प्रोग्राम सांगायला घेतला. पेट्यांचं वजन काढायला एक फंक्शन, अडत काढायला दुसरं, गाडीभाडं तिसऱ्याकडे. लग्नाच्या स्वयंपाकासारखंच ते. वरणवालीनं वरणच करावं, भाजीत डाव घालू नये. तिला डाळ द्यायची, तिच्याकडून वरण घ्यायचं. आणि नाव असं ठेवायचं, की परक्यानंही वाचून ओळखावं, हिचं काम कोणतं.

लहानूजी खोकले. दाराआड बांगड्या वाजल्या. प्रेमिला थांबली नाही.

गोविंदानं बशी खाली ठेवली. "अन् डाळीच्या जागी कोणी खडे आणून देल्ले तं?"

"म्हणून तं दारात काय आलं ते आधी तपासाचं," ती म्हणाली. "न तपासता कामाले लागलं, की पुढचं सारं बरोबर करूनही उत्तर चुकते."

मारोतराव मनापासून हसले. गोविंदा मात्र विचारतच राहिला आणि ती सांगतच राहिली. पळवून लावायचं होतं हे ती कधीच विसरली होती. हा माणूस आपलं तोंड न पाहता आपलं बोलणं ऐकतो आहे, याचं तिला नवल वाटलं आणि फार बरंही वाटलं. असं घर असेल तर काय वाईट, हा विचार मनात आला आणि तिची तीच लाजली.

"आमच्याकडं आल्यावर हेच काम करा लागन," मारोतराव म्हणाले. "चालन काय?"

"चालन," ती इतक्या घाईनं म्हणाली की दाराआड बायजाबाईंनी कपाळाला हात लावला.

आता राहिलं होतं ते अवघड. लहानूजींनी घसा खाकरून देण्याघेण्याचा विषय काढला.

"देणं आमच्याकडं," मारोतराव गोंधळून म्हणाले. "तुमच्याकडून काय घ्याचं असते जी?"

लहानूजींचे डोळे भरून आले. पोरीनं नशीब काढलं होतं. बायजाबाई साखरेची वाटी घेऊन लगबगीनं बाहेर आल्या, पहिली चिमूट त्यांनी गोविंदाच्या हातावर ठेवली, आणि तेवढ्यात अंगणात सायकलची घंटी वाजली.

रामाजी होते. घाम पुसत ते उंबरठ्याशी आले. मागे रिक्षातून दोन बाया, एक म्हातारबुवा आणि चापूनचोपून भांग पाडलेला एक तरुण उतरत होता.

"माफी करा लहानूजी," रामाजी म्हणाले, "पोराकडच्यायले आणता आणता उशीर झाला."