मोराची मान

"हिरवी सोडून कुठलीही काच मागा, वहिनी," अनंत कासार म्हणाला. "हिरव्या बांगड्या सवाष्णी जिवापाड जपतात. त्यांचे तुकडे मी कुठून आणू?"

बुधवार पेठेतल्या त्याच्या दुकानात बाकीच्या बायका बांगड्या भरायला यायच्या. मथुराबाई यायच्या त्या फुटक्या काचा वेचायला. त्या घरी लाख वितळवून फळीवर काचांचा मोर बसवत होत्या. कुणी शिकवलं नव्हतं. बोटं कापून, हात भाजून घेत आपल्याआपणच शिकल्या. पिसारा तर असा उतरला होता, की अनंत दोनदा वाट वाकडी करून बघून आला. आता नुसती मान उरली होती.

नवरा हिंदुराव दोन वर्षांमागे फौजेबरोबर उत्तरेला गेलेला. तो आला की मोर दारावर चढवायचा, हा बाईंचा हट्ट.

"एखादी नवी फोडून देऊ का?" अनंतने विचारलं.

"नको हो. हिरवी बांगडी मुद्दाम फोडायची म्हणजे त्यांच्या जिवावर उठणं. आपसूक फुटली तरच ठेवा."

वैशाखात फौज परतली. पेठेत कुठे साखर वाटली, कुठे रडारड झाली. हिंदुरावाचं काय झालं ते विचारायची अनंतची छाती होईना. चौथ्या दिवशी त्या घरूनच निरोप आला, बांगड्या घेऊन या. अनंतचा जीव भांड्यात पडला.

ओसरीवर मोर भिंतीला टेकवलेला होता. मान पुरी झाली होती, हिरवीगार. अनंत कौतुकाने बघत राहिला आणि मग त्याची नजर मथुराबाईंच्या हातांवर गेली. मनगटं मोकळी होती. पदर पार भुवयांपर्यंत ओढलेला.

तो चुडा त्यानेच भरला होता.

"कधी कळलं, वहिनी?"

"परवा. दारातच."

"फार वाईट झालं."

"हो," त्या म्हणाल्या. "मान मात्र साधली."

अनंतला भडभडून आलं. "मग मला कशाला बोलावलंत? आता या घरात..."

"हिरवा चुडा भरायचाय. बसा."

त्यांनी आत हाक मारली. नव्या लुगड्यात अंग चोरत सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी बाहेर आली. तिच्या पाठोपाठ, मिशीला पीळ देत, हिंदुराव.

"चांगला भारीतला भरा, कासार," थोरलीकडे न बघताच तो म्हणाला. "नवी नवरी आहे माझी."