पाच प्रदक्षिणा

"दाणीसाहेब, गाडीचं तोंड दक्षिणेला असतं, म्हणून तुमची बॅटरी उतरते. रोज सकाळी गाडीनं सोसायटीला पाच प्रदक्षिणा घाला आणि पूर्वेकडे तोंड करून लावा," मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. त्यांची पाठ वळताच आम्ही रविवारचे हौशी मेकॅनिक पोट धरून हसलो.

दाणींनी महिनाभर प्रदक्षिणा घातल्या. त्यांची बॅटरी ठणठणीत झाली.

माझी मात्र ऐन लेकीच्या साखरपुड्याच्या सकाळी बसली. बॉनेटखालचं सगळं ज्ञान संपल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून मी गाडी हळूच पूर्वेकडे ढकलू लागलो.

"अहो, रोज इंजिन चाललं म्हणून माझी बॅटरी भरली!" दाणी गॅलरीतून ओरडले. "पूर्वेचं थोतांड तुमचंच. पण आता ढकलतच आहात, तर पाच प्रदक्षिणाही होऊन जाऊ द्या."