पूजेची बंदूक

"हंय दी ती," म्हणत सगुणने गोकुळदासच्या हातातली रायफल काढूनच घेतली. "असली कळकट बंदूक देवापुढे ठेवतत?"

नार्व्याचा गोकुळदास ओशाळला. डिचोलीच्या नेमबाजी क्लबात चषक दरवर्षी त्याचा आणि दुसरा नंबर दरवर्षी कोरगावच्या सगुणचा. त्याच सगुणने आपली बंदूक साफ करायला घ्यावी!

क्लबाची रीत जुनी. खंडेनवमीला सगळ्या बंदुका पाटावर मांडायच्या, हळदकुंकू, झेंडूचं फूल, गाऱ्हाणं. दसऱ्याच्या सकाळी सामना. सरावाची गोळी नाही. पूजेनंतरची पहिली गोळी थेट निशाण्याच्या कार्डावर, आणि गोळ्या पाचच.

सगुणने गजाला फडकं लावून नळी धुतली. फडकं काळं आलं की नवं घ्यायचा. शेवटचं खोबऱ्यासारखं पांढरं आलं, तेव्हा वरून तेलाचा हात दिला. स्वतःची बंदूक मात्र होती तशीच पाटावर ठेवली.

"सगुणबाब, तू देवमाणूस," गोकुळदास म्हणाला.

संध्याकाळी घरी ही हकीकत ऐकून सगुणची बायको पद्मावती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आणि तुमची कोण साफ करतलो? माझो बापूस? यंदा चषक घराक नाय इलो, तर बंदूक माळ्यार आणि तुमी दर आयतवारी काजींच्या बागेत कामाक. सांगून ठेवतंय."

सगुणने चहात पावाचा उंडो बुडवला. "अगो, नळीक थोडी काजळी व्हयीच. धुतलेल्या नळीतल्यो पयल्यो पाच-सात गोळ्यो झिंगल्यासारख्यो खंयय जातत. मगे नळी वाटेर येता."

"आणि सामनो पाच गोळ्यांचो?"

"पाचच."

पद्मावतीने कपाळावर हात मारून घेतला. पण दुसरा उंडो आपणहून पुढे सारला.

दसऱ्याला सगुण पोचला तर क्लब उघडाच. किल्ली गोकुळदासकडे असायची. पूजा उतरवायला तो सगळ्यांच्या आधी आलेला. त्याचे हात तेलकट होते. समईचं तेल असेल.

आधी शिरगावची सेजल. तिला बंदूक पुसायचा भारी कंटाळा. तरी पन्नासपैकी बेचाळीस मिळवून, जांभई देत ती उठली.

मग गोकुळदास. पहिली गोळी कार्डाच्या कोपऱ्यात, दुसरी मागच्या मातीच्या बांधात. तिसरीला तर बांधाच्या पलीकडचा बगळा रागाने उठून गेला म्हणतात. एकूण अकरा.

"अरेरे," सगुण म्हणाला. तोंड असं केलं की जणू बाराव्याला आलाय.

आता फक्त सेजलचे बेचाळीस. ते तो झोपेतही ओलांडायचा. सगुण ऐटीत पालथा झाला, बट खांद्याला लावला. तेवढ्यात गोकुळदास त्याच्या कानाशी वाकला. डोळे पाणावलेले.

"माझा जावंदे रे. तू निर्धास्त मार. सकाळी पूजा उतरवताना तुझी नळी बघितलंय, नुसती काजळी! माझी धुता धुता तुझी तशीच रवली. जीव कळवळलो माझो. बसून धुतलंय, सगुणबाब. अगदी तुझ्यासारखीच, फडका खोबऱ्यासारखा पांढरा येयसर."