समोरच्या खुर्चीची पानं

टॅरोच्या पानांवरून भविष्य सांगायची टूम फार नंतरची. मुळात तो चौघांत बसून खेळायचा साधा डाव, हे पुस्तकबांधणीवाले काका शेजारणीला सांगून थकले होते.

“पण आता खेळता कोणाशी? काकूंना जाऊन वर्ष झालं,” ती म्हणाली.

“सवय गं, दुसरं काय!”

काकांनी पानं पिसली. एक डाव स्वतःला आणि एक समोरच्या रिकाम्या खुर्चीला वाटला, आणि ते शेजारणीला दारापर्यंत सोडून आले.

आल्यावर त्यांनी सहज समोरची पालथी पानं उलटली. आधी प्याले, मग नाणी, काठ्या, तलवारी, आणि शेवटी हुकुमाची चित्रं चढत्या क्रमाने. काकू अशीच लावायची.

“आलीस होय?” काकांचे डोळे भरून आले. कित्येक महिन्यांत घर असं भरलेलं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी स्वतःची पानं उचलली. तीही लावलेली होती. तलवारी आधी, त्यांच्या पद्धतीने. आणि टोकाला वेड्याचं चित्र, मुद्दाम उलटं धरलेलं.

वेडा उलटा धरायची ही आपली खोड त्यांनी काकूलाही कधी कळू दिली नव्हती.