पोटचा पिचर

खऱ्या बेसबॉल खेळाडूंना घेऊन फोनवर आपापले संघ चालवणाऱ्या आणि ते मैदानात जसे खेळतील तसे गुण कमावणाऱ्या त्या टोळक्यात वॉरनचा तोरा काही औरच होता. त्याच्या संघातला नवाकोरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोल्बी हा त्याचा सख्खा मुलगा होता. टोळक्यातला ड्वेन कोल्बीसाठी हंगामभर वॉरनच्या मागे लागला होता. आज न्याहारीच्या हॉटेलातही त्याने तोच विषय काढला.

"माझे दोन तगडे फलंदाज घे, पण कोल्बी मला दे!"

"लाज वाटते का रे? पोटचं पोर विकू होय?" पॅनकेकवर पाक ओतत वॉरन म्हणाला.

तेवढ्यात कोल्बीचाच फोन आला. वॉरन उठून बाहेर गेला.

"बाबा, कोपर भयंकर दुखतंय. चेंडू टाकवत नाही. अजून कुणालाच बोललो नाही. डॉक्टरांना सांगू?"

"थांब जरा. मी सांगेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढू नकोस."

"बरं झालं तुम्हाला विचारलं." पोराचा आवाज भरून आला.

वॉरन आत येऊन बसला. त्याने मोठा उसासा टाकला.

"ड्वेन, बापाचं काळीज बाजूला ठेवलं बघ. घेऊन टाक कोल्बीला."

त्याचं मन फिरायच्या आत ड्वेनने सौद्याचं बटण दाबलं. दोन्ही फलंदाज आपल्या संघात आल्याची खात्री करून वॉरन पुन्हा बाहेर गेला.

"हं, बाळा, आता सांग डॉक्टरांना."